डाव्या पायाचा मिस्त्री

जळगाव जामोदला बसस्टँडच्या मागं इंद्रभान मिस्त्रीचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार पत्रे आणि एक निंबाचं झाड. गावात मिस्त्री पुष्कळ, पण मोटारसायकलच्या गिअरचं दुखणं निघालं की लोक त्याच्याकडंच यायचे. क्लच दाबूनही गिअर पडत नाही, पडला तर निघत नाही, तिसऱ्यातून चौथ्यात जाताना गाडी मधेच मोकळी सुटते, असली गाऱ्हाणी. इंद्रभान डाव्या पायातली चप्पल काढायचा, समोरच्या चहावाल्या गोपालला गाणी बंद करायला लावायचा आणि अनवाणी पायानं गिअर टाकत नांदुऱ्याच्या रस्त्यानं एक चक्कर मारून यायचा. आला की सांगायचा, क्लचची वायर ढिली आहे, प्लेटा गेल्यात, की गिअर सरकवणारा आतला फोर्क वाकलाय. गरज नसताना त्यानं कुणाचं इंजिन कधी खोललं नाही, आणि ह्याचा त्याला भारी ताठा होता.

जीभ मात्र विंचवाची. गोकुळ नावाचा एक पोरगा गाडीला दुधाच्या कॅना लावून गावोगाव फिरतो. त्याला पाहायला सोयरे आले होते, गोपालच्या टपरीवर चहा घेत होते. त्यांच्यासमोर इंद्रभान ओरडला, “गाडी चालवतं का हेला हाकलतं बे? क्लच न दाबता लाथा मारून राह्यला. ज्याले गाडी नाही समजत, त्याले बायको काय समजन?”

सोयरीक मोडली. मुलीवाल्यांकडं दुसरीही कारणं असतील, पण गोकुळनं हे एकच धरून ठेवलं.

पुढं इंद्रभानला शुगर निघाली. खामगावच्या डॉक्टरनं सुई टोचून पाहिली, ह्याला पत्ता नाही. डॉक्टर म्हणाले, “तळवा बधिर झालाय. साधा काटा रुतला तरी तुम्हाला कळणार नाही, आणि जखम चिघळली तर पाय कापावा लागेल. चप्पल काढायचीच नाही.”

“चपलेतून गिअर समजत नाही,” इंद्रभान म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अनवाणी.

त्याची बायको कोकिळा रोज संध्याकाळी त्याचा पाय मांडीवर घेऊन तळवा निरखायची. तो शिव्या द्यायचा, ती बघायची. तो पाय तिच्यामुळंच इतके दिवस टिकला, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगीन.

पण खरी गंमत गॅरेजात झाली. बधिर पायाला पेडलचा खटका लागेना. गिअर नीट पडला तरी ह्याला वाटायचं, पडलाच नाही. मग प्रत्येक गाडीचा फोर्क वाकलेला निघायला लागला. ज्यानं कधी उगाच इंजिन खोललं नाही, तो धडधाकट इंजिनं खोलून पोत्यावर मांडायला लागला. नाचता येईना अंगण वाकडं. लोक हसले आणि दुसरीकडं जायला लागले. त्याला वाटलं, हल्लीच्या गाड्याच फालतू.

मुलीच्या, मंजुश्रीच्या, बाळंतपणासाठी कोकिळा नांदुऱ्याला निघाली तेव्हा आधी टपरीवर गेली. गोपाल होता, गोकुळ होता, अजून चारदोन टाळकी होती.

“भाऊ, ह्यायच्या पायाकडं ध्यान द्या,” ती म्हणाली. “काही लागलं, रगत दिसलं, त मले फोन करा. त्यायले समजत नाही.”

“हाव काकू, तुमी बिनघोर जा,” गोकुळ म्हणाला.

ती गेली आणि गोकुळ मावसभावाची कोरी गाडी घेऊन आला. शोरूममधून नुकतीच काढलेली, सीटवरचं प्लास्टिकही फाडलेलं नव्हतं. “मिस्त्री, गिअर पडत नाही पाहा,” तो म्हणाला. टपरीवरची मंडळी गोळा झाली. मिस्त्री नव्या गाडीचंही इंजिन खोलायला काढतो की नाही, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

चप्पल काढून इंद्रभान गॅरेजात दोन पावलं चालला आणि खाली पडलेला पत्र्याचा स्क्रू त्याच्या डाव्या तळव्यात शिरला. सगळ्यांनी पाहिलं. एक जण बोलणार होता, गोकुळनं त्याच्या दंडाला धरलं आणि दुसऱ्या हातानं मोबाइल काढून शूटिंग लावलं.

इंद्रभाननं गाडी स्टँडवर लावली, मागचं चाक हातानं फिरवत पायानं पेडल दाबायला लागला. स्क्रूचं डोकं पेडलच्या लोखंडावर आपटून टकटक वाजत होतं.

“आतून आवाज येऊन राह्यला,” तो म्हणाला. “फोर्क वाकला. इंजिन खोला लागते.”

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“हासता काऊन बे?”

“काही नाही, मिस्त्री. अजून एकदा दाबा.”

त्यानं अजून एकदा दाबलं. मग अजून एकदा. पायाखाली रक्ताचे ठिपके पडले, आणि त्यात इंजिन ऑइल मिसळून गेलं. फोन कुणीही केला नाही. माणसं अशीही असतात, आणि ती परग्रहावरून येत नाहीत.

बाळंतपण उरकून कोकिळा परत आली तेव्हा घरात शिरतानाच तिला वास आला. स्क्रू तिनं पकडीनं ओढून काढला, तरी तो म्हणत होता, “काय करून राह्यली?” अकोल्याला गुडघ्याखाली पाय कापला.

गोकुळ केळी घेऊन भेटायला आला. “ध्यानच नाही गेलं, काकू,” म्हणाला. कोकिळा काही बोलायच्या आत इंद्रभानच म्हणाला, “मले नाही समजलं, त त्याले कसं समजन?”

कुबडी घेऊन तो पुन्हा गॅरेजात बसायला लागला. पाय नाही, म्हणून पेडल तळहातानं दाबून पाहायला लागला, आणि हाताला सगळं कळत होतं. एकेक गिऱ्हाईक परतायला लागलं. कोकिळाला वाटलं, गेला तो पाय गेला, माणूस तरी उभा राहील.

तेवढ्यात मोबाइलवर फिरत फिरत तो व्हिडिओ मंजुश्रीकडं आला. तिनं आईला दाखवला. कोकिळानं तो लपवला नाही, सरळ गॅरेजात नेऊन नवऱ्यापुढं धरला. लपवायला पाहिजे होता, असं मला वाटतं.

इंद्रभाननं तो पाहिला. तळव्यात चमकणारा स्क्रू, पेडल, टकटक, हसणं. कोण कोण हसतंय ते त्यानं आवाजावरून ओळखलं. मग म्हणाला, “पुन्हा लाव.” दुसऱ्यांदा त्यानं डोळे मिटून फक्त ऐकलं.

“गिअर त मस्त पडून राह्यले,” तो म्हणाला. “गाडीले काहीच नव्हतं.” मोबाइल बाजूला सारत त्यानं विचारलं, “मंग त्याच्या आधी खोलली ती इंजिनं?”

पाय कापला तेव्हा तो रडला नव्हता, त्या दुपारी रडला.

व्हिडिओ मिस्त्रीपर्यंत पोचलाय हे गोकुळला ठाऊक नव्हतं. काही दिवसांनी तो आपली दुधाची गाडी घेऊन आला. गिअर खरोखरच अडत होता. इंद्रभाननं पेडलवर तळहात ठेवला, एकदा दाबला, क्लचची मूठ ओढून पाहिली.

“इंजिन खोला लागते,” तो म्हणाला.

“खोला मंग, काका. पण सांजच्या दुधाले गाडी पाह्यजे.”

त्यानं बसूनच इंजिन उतरवलं. क्लच काढला, इंजिनची केस उघडली, फोर्क, दातऱ्या, एकेक वॉशर, बारीक बारीक स्प्रिंगा, सगळं पोत्यावर ओतलं आणि हातानं कालवलं. मग पाना ठेवून हात पुसले.

“झालं. घेऊन जा.”

गोकुळला कळेना. “गाडीले झालं काय होतं?”

“क्लचची वायर ढिली होती.”

“मंग खोललं काऊन?”

“मजा पाहून राह्यलो होतो,” इंद्रभान म्हणाला.

टपरीवर कुणी हसलं नाही. गोकुळ खाली बसून स्प्रिंगा वेचत होता. कोकिळानं नवऱ्याला कुबडी दिली, दोघं घरी गेली, आणि गॅरेज पुन्हा उघडलं नाही.