कोट काढून दिलेला सल्ला

नारायणराव वकिलांकडे दोन सल्ले मिळत. एक काळा कोट घालून, दुसरा काढून. पक्षकार आला की ते आधी कायदा समजावून सांगत. मग उठत, कोट खिळ्याला अडकवत आणि म्हणत, "आतालोक वकील बोलून राह्यला होता. आता नारायण बोलते. सांगा, हे बरोबर हाय का?" पहिल्या सल्ल्याने खुललेला पक्षकार दुसऱ्याने कोमेजायचा. काही जण तेवढ्यात शेजारच्या वकिलाच्या टेबलाकडे सरकत. मी त्यांचा ज्युनिअर, त्यामुळे जाणाऱ्यांकडे पाहून हळहळायचं काम माझ्याकडे होतं.

ढाणकीकडचे बापूराव मात्र उठले नाहीत. त्यांच्या वावरातून एक पायवाट जात होती. पलीकडच्या बंजारा तांड्यातल्या मुली तिच्यावरून शाळेत येत. ती बंद झाली तर नाल्याकडून लांबचा फेरा पडणार होता, आणि एवढ्या फेऱ्याने पोरींना शाळेत कोणी पाठवणार नव्हतं. पण वाट कुठल्याच नकाशात नव्हती, आणि तांड्यातल्या बकऱ्यांनी बापूरावांची तूर खाल्ली होती.

कोट घालून नारायणराव म्हणाले, "कायदा तुमच्याकून हाय." कोट काढून म्हणाले, "बापूराव, तूर पोरीयनं खाल्ली का?"

"मले उपदेश नोको, स्टे पाह्यजे. तांड्यातल्या कोनाचाबी पाय माह्या वावरात पडला नाई पाह्यजे."

"कोनाचाबी? कोन्त्याबी कामासाठी?"

"एक डाव सांगितलं ना!"

नारायणरावांनी कोट चढवला आणि मला अर्जाचा मजकूर सांगितला. त्यात 'कोणत्याही कारणास्तव' हे शब्द होते. सांगताना त्यांचा चेहरा इतका भोळा झाला होता की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

मनाई हुकूम मिळाला. बापूरावांनी पेढे वाटले आणि वाटेवर बाभळीचे काटे टाकले. पोरी घरी बसल्या.

मग कापूस फुटला. आमच्याकडे पहिल्या वेचणीआधी सीतादही करतात. वेचणाऱ्या बाया वावराच्या कोपऱ्यात दहीभात ठेवून पूजा करतात आणि मगच कापसाला हात लावतात. बापूरावांनी दहीभात तयार ठेवला. त्यांच्या वेचणाऱ्या बाया वर्षानुवर्षं तांड्यातल्याच होत्या, हे स्टे मागायच्या घाईत त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. बाया आल्या आणि धुऱ्याच्या, म्हणजे वावराच्या बांधाच्या, पलीकडे ओळीने उभ्या राहिल्या.

"या ना आत," बापूराव म्हणाले.

सगळ्यांत वडीलधारी जमनीयाडी पदर सावरत म्हणाली, "कोर्टाचा हुकूम हाय, बापूराव. आमी कायद्याची मानसं."

"अवं, मीच बलावून राह्यलो ना!"

"मंग लिहून द्या. कापसासाठी आमचा पाय चालते, तं शाळेसाठी पोरीचा काहून नाई चालत?"

दुसरे मजूर शोधले, पण ऐन हंगामात रिकामं कोण असणार? आभाळही भरून आलं होतं. तिसऱ्या दिवशी बापूराव ऑफिसात येऊन कडाडले, "हे तुमीच लिहिलं!"

नारायणरावांनी कोट काढला. या वेळी चेहरा भोळा नव्हता. "मीच लिहिलं. असं होईन हे मले माहीत होतं. तुमी माहे पक्षकार, तुमाले सांगाले पाह्यजे होतं. सांगितलं नाई, थे चुकलं. माह्याविरुद्ध तक्रार करा. अर्ज हे लिहून देतीन."

'हे' म्हणजे मी. मी पेन खिशात लपवलं.

बापूरावांनी खिळ्यावरच्या कोटाकडे पाहिलं. "तक्रारीचं मंग पाहू," ते म्हणाले, "पयले वाटेचा कागद लिहा."

तडजोड कोर्टात दाखल झाली. काटे निघाले आणि बायांच्या मागोमाग पोरीही दप्तरं घेऊन त्या वावरातून गेल्या. मी आनंदाने विचारलं, "म्हणजे तुमचं बरोबरच होतं ना?"

"वाट बरोबर झाली. मी बरोबर नाई वागलो," नारायणराव म्हणाले.

मागच्या वर्षी नारायणराव वारले. त्यांचं टेबल आणि तो खिळा माझ्याकडे आला. गेल्या महिन्यात बापूराव आले. धाकट्या भावाचा हिस्सा कागदावर कच्चा होता आणि तो त्यांना स्वतःकडे हवा होता. मी कागद वाचले आणि मोठ्या उत्साहाने म्हणालो, "कायदा तुमच्या बाजूने आहे."

ते जागचे हलले नाहीत. माझ्या अंगावरच्या कोटाकडे आणि मग खिळ्याकडे बोट करून म्हणाले, "थो कोट काढा पयले."

मी कोट काढला. मी तोंड उघडायच्या आत बापूरावांनी कागद गोळा केले आणि "समजलं," म्हणून उठले.