नानांनी सांगितलेलं एकच स्वप्न

नाना कुणालाही "बरं आहे ना?" असं विचारत नसत. "रात्री काय दिसलं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मला त्यांनी तो पहिल्यांदा विचारला तेव्हा ते बाम घ्यायला दुकानात आले होते आणि काउंटरवर पाच-सहा गिऱ्हाइकं खोळंबली होती. जळगावात औषधाचं दुकान चालवणाऱ्या बाईला अनोळखी म्हाताऱ्यानं असं विचारलं, तर तिनं काय समजायचं? मी म्हणाले, काका, बाम घ्या आणि बाजूला व्हा. ते हसले, आणि रविवारी सकाळी दहाला आमच्या मंडळीत या, फुकट असतं म्हणाले.

मी गेले ती खरं तर खोट काढायला. फुकट म्हटलं की माझ्या मनात पाल चुकचुकते. एका शिकवणीच्या वर्गाची खोली रविवारी रिकामी असायची, तिथे बाकांवर आठ-दहा माणसं बसली होती. आता हे चूर्ण विकायला काढतील नाहीतर गंडा बांधतील, म्हणून मी टपून बसले. कसलं काय! माणसं आपापली स्वप्नं सांगत होती, मनाच्या तळाशी काय साचतं त्यावर बोलत होती आणि नाना डोळे मिटून ऐकत होते. मग मीही चार वर्षं जात राहिले. नाना गेले तेव्हा सगळे म्हणाले, वय झालं होतं. मला नाही पटत. ते वाचले असते. निदान मी तरी त्यांना वाचवायला हवं होतं.

ते मूळचे पिंपळनेरकडचे. उभी नोकरी रेल्वेच्या टपालाच्या डब्यात पत्रं छाटण्यात, म्हणजे गावांप्रमाणे वेगळी लावण्यात गेली आणि भुसावळहून निवृत्त झाले. मनाविषयीची जाड जाड पुस्तकं त्यांनी त्या धावत्या डब्यात, थैल्यांवर बसून वाचली होती. निवृत्तीनंतरही पायात काळे बूट आणि मोजे, जळगावच्या मे महिन्यातसुद्धा. "स्वप्न म्हणजे मनानं आपल्यालाच धाडलेलं पाकीट शे," असं ते म्हणायचे. "फोडायची घाई नको. आधी पत्ता नीट वाचा." आम्ही माना डोलवायचो. घाई मात्र सगळ्यांनाच असायची, मला सर्वांत जास्त.

एकदा त्यांनी प्रत्येकाला एक कागद दिला. जे माणूस डोळ्यांसमोर नको वाटतं, त्याचे दुर्गुण लिहा म्हणाले. मी माझ्या जावेबद्दल लिहायला घेतलं आणि पाठपोट कागद भरला. मग म्हणाले, आता तिचं नाव काढा, तिथे "मी" घाला आणि मोठ्यानं वाचा. मी वाचायला लागले. मी तोंडाळ आहे. मला वाटतं, सगळं मलाच कळतं. मी दुसऱ्याचं ऐकून घेत नाही. तिसऱ्या वाक्याला मी कागदाची घडी घातली. मला नानांचा असा राग आला की दोन रविवार गेलेच नाही. तिसऱ्या रविवारी गेले तर नानांनी सरकून बाकावर जागा केली.

स्वतःचं स्वप्न मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. आमच्यातले मराठीचे एक प्राध्यापक त्यांना चिडवायचे, की नाना, तुम्ही झोपता तरी का? नाना म्हणायचे, "छाटणाऱ्याला कुठं कोणाचं पत्र येतं?" त्यावर सगळे हसायचे आणि विषय तिथेच राहायचा.

मग गेल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी नाना चक्क रबरी चपला घालून आले. बसल्या बसल्या म्हणाले, आज मी सांगतो. त्यांनी थांबत थांबत सांगितलं. बिनखिडकीची खोली आहे. पाणी चढतंय, आधी घोटे बुडाले, मग गुडघे, मग छातीपर्यंत आलं. "उभा राहिलो का श्वास येतो. आडवा झालो का संपलो. रोज तेच दिसतं हो."

आम्हाला काय तो आनंद! चार वर्षांनी नानांचं पाकीट हाती लागलं होतं. प्राध्यापक म्हणाले, पाणी म्हणजे मनाचा तळ, तो आता वर येतोय. पाचोऱ्याहून येणाऱ्या एका कापूसवाल्या भाऊंना ती खोली आईचं पोट वाटली. आणि मी दीडशहाणी! मी म्हणाले, नानांनी बूट सोडले बघा, इतक्या वर्षांचा टपालखात्याचा मुखवटा उतरतोय. आडवं व्हायचं नाही म्हणजे हार मानायची नाही. पुरते दोन तास आम्ही नानांना उलगडत बसलो. ते दम खात ऐकत होते. शेवटी मला म्हणाले, "ताई, छान बोलल्या तुम्ही." त्या कौतुकावर मी चार दिवस तरंगत होते.

"आडवं झालं की दम लागतो" हे वाक्य मी काउंटरवर आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. अशा माणसाला मी आधी विचारते, पाय सुजतात का, चप्पल घट्ट होते का, आणि गोळी न देता डॉक्टरकडे पिटाळते. एखादी अडाणी बाई हेच सांगत आली असती, तर तिला मी तिथल्या तिथे रिक्षात बसवलं असतं. नानांचे पाय माझ्यापासून हातभर अंतरावर होते. बुटात मावत नव्हते म्हणून चपलेत आले होते. मी ते पाहिले, आणि त्यांचा अर्थ लावला.

गुरुवारी नाना गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं, फुप्फुसात पाणी भरलं होतं.

पंधरा दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले. अक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, जमिनीवर बसल्या होत्या. महिनाभर नाना खुर्चीत बसूनच झोपायचे, त्या सांगू लागल्या. डॉक्टरकडे चला म्हणून त्या रोज मागे लागायच्या. त्या रविवारी मात्र नाना घरी आले ते खुशीत होते.

"म्हनेत, बठ्ठास्ले सांगेल शे. शिकेल लोके शेत, त्या देखतीन," अक्का म्हणाल्या. मग त्या मागे लागायच्या थांबल्या. सगळ्यांना सांगून झालंय, शिकलेली माणसं आहेत, ती बघतील म्हटल्यावर त्यांना धीर आला होता.

मला मान वर करवेना. अक्कांनी पदरानं तोंड पुसलं.

"ताई, तुम्ही त औषधवाल्या. यावर गोळी व्हती का?"

चार वर्षं ज्या माणसानं मला स्वतःशी खरं बोलायला लावलं, त्याच्या घरात बसून खोटं बोलणं जमलं नाही. होती, मी म्हणाले.

अक्कांनी हळूच विचारलं, "केवढी ऱ्हास ती गोळी?"

मी त्यांना करंगळीचं नख दाखवलं.