दवंडीची बातमी

थोरल्या सुनेने आपल्या धाकट्या दिराकडे पहिल्यांदा नीट पाहिलं ते लग्नानंतर दोन-तीन महिन्यांनी. ती भांडी घासत होती. हा दारातूनच ओरडला, "वहिनी, हात धुवा, आत्या झालात! मुलगा!" तिच्या भावाचा फोन यायच्या आत बातमी याच्याकडे पोचली होती, भावाचा शेजारी त्याला आगारात भेटला होता. तिथे चौकशीच्या खिडकीत बसून तो गाड्यांच्या घोषणा करायचा, आणि घरी आल्यावरही त्याचा आवाज खाली यायचा नाही. घरात सगळे त्याला दवंडी म्हणत. गल्लीत कुणाची बदली झाली, कुणाचं जमलं, कुणाचं फिसकटलं, पहिली खबर त्याचीच. खोटं मात्र तो कधी बोलला नव्हता.

सासऱ्यांना पोटाच्या दुखण्यासाठी रुग्णालयात ठेवलं, तेव्हा वॉर्डात फोन न्यायला बंदी होती. दारावरच्या रखवालदाराशी दवंडीचं रोज वाजायचं.

"फोन इथं ठेवा, दादा."

"अहो, आत काही झालं तर घरी कळवायचं कसं? कबुतर सोडू?"

"डॉक्टर कळवतील."

"तुमचे डॉक्टर समोर उभं राहून विचारलं तरी सांगत नाहीत, घरी कुठले कळवतायत!"

वहिनीला हसू यायचं, आणि त्याचं म्हणणं पटायचंही. घरी सासूबाई फोन उशाशी घेऊन बसलेल्या असत. त्यांचं हृदय अशक्त. धक्का बसेल असं काही एकदम कानावर घालू नका, असं डॉक्टरांनी सगळ्यांना बजावलं होतं.

एके दिवशी दवंडीने फोन पायमोज्यात लपवून आत नेला. पाहतो तर वडिलांची खाट रिकामी. चादरसुद्धा काढलेली. फरशी पुसणाऱ्या मावशींना त्याने विचारलं, "इथले बाबा?"

"ते होय? वर गेले की," मावशी मान न उचलता म्हणाल्या. "आत्ताच."

सोनोग्राफीची खोली वरच्या मजल्यावर होती. वॉर्डातली माणसं दिवसभर असंच बोलत. पण दवंडीला ते कुठलं सुचायला! त्याने मोज्यातून फोन काढला.

वहिनी घरी गॅसपाशी होती. आतल्या खोलीत फोन वाजला, सासूबाईंनी घेतला, आणि पलीकडचं ओरडणं तिला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आलं. "आई, बाबा गेले गं!" मग काहीतरी जड पडल्याचा आवाज. ती धावली. सासूबाई जमिनीवर, तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे सताड उघडे. हाताजवळच्या फोनमधून दवंडीचं रडणं अजून येत होतं. तिने तो फोन कापला आणि त्याच्यावरूनच रुग्णवाहिका बोलावली.

त्याच रुग्णालयात ती स्ट्रेचरमागून धावत होती, तोच लिफ्टचं दार उघडलं. आत व्हीलचेअरवर सासरे.

"सूनबाई? तू गं कशी या वेळी?"

ओरडावं की रडावं, वहिनीला कळेना. भिंतीला टेकून दवंडी उभा होता, हातात फोन, तोंड उघडं, भूत पाहिल्यासारखा. रखवालदाराला फोन दिसला, पण त्याने वळून स्ट्रेचरला वाट करून दिली.

सासऱ्यांची नजर स्ट्रेचरवर गेली. "ही... अरे, ही इथं कशी? काय झालं हिला?"

दवंडी वडिलांच्या पायाशी बसला.

"मी सांगितलं तिला," तो म्हणाला. "तुम्ही गेलात म्हणून."

इतकं हळू, की सासऱ्यांना पुन्हा विचारावं लागलं.

सासूबाई वाचल्या. उजवा हात मात्र उचलत नाही आणि शब्द अडकतात. वॉर्डात फोन न्यावा की नाही, यावर घरात अजून दोन तट आहेत. वहिनीचा नवरा म्हणतो, बंदीच हवी. वहिनी म्हणते, डॉक्टर घरी कळवत असते, तर फोन चोरून न्यावाच लागला नसता. दवंडी त्या वादात पडत नाही. आगारात त्याने दुपारची पाळी मागून घेतली आहे, कारण सकाळी आईला भरवायचं काम त्याच्याकडे आहे.