रंग न धरलेला तुकडा

माझी आत्या माणसांचे काप काढते. वाक्य तिचंच, ते ऐकून एखाद्या पाहुण्याच्या घशात घास अडकला की तिला कोण आनंद! ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत आहे. डॉक्टरांनी काढलेला तुकडा मेणात बसवायचा, यंत्रावर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायचा आणि काचेवर घेऊन रंगवायचा. ती यंत्रावर असताना शेजारी कोणी शिंकलं, तर त्याची धडगत नसते.

बाबा तिचे थोरले भाऊ. घरं रंगवतात. त्यांना शौचातून रक्त जात होतं आणि "मूळव्याध आहे, होईल बरी," म्हणून ते मोकळे झाले होते. आजोबा आतड्याच्या कॅन्सरने गेलेले, त्यामुळे आत्याचा जीव टांगणीला. तिने समजावलं, भांडली, अबोलाही धरला. बाबा ढिम्म. "पोट दुखत नाही माझं. उगाच नळी कशाला घालून घेऊ?"

शेवटी जेवणाच्या सुट्टीत ती त्यांना ओढतच प्रयोगशाळेत घेऊन गेली. मीही मागोमाग गेले. सूक्ष्मदर्शकाखाली कुणा अनोळखी माणसाची काच होती. तिच्यावर एकाच आतड्याचे दोन तुकडे: एक निरोगी, दुसरा आतड्याच्या आतल्या बाजूला आलेल्या छोट्या गाठीचा. निरोगी तुकड्याची कड तपकिरी. गाठ पांढरीफटक.

"हा रंगवायचा राहिला की गं," बाबा म्हणाले. "अजून एक हात मार."

"मलाही आधी तसंच वाटलं. पुन्हा पुन्हा रंगवत बसले. पण दादा, काच एकच, रंगही एकच. आतड्याच्या पेशी ग्वानिलिन बनवतात. पेप्टाइड असतं ते, प्रथिनाचा एवढासा तुकडा. पेशींच्या वाढीला लगाम घालण्यात त्याचा हात असावा, असं म्हणतात. ते असेल तिथेच हा रंग धरतो. या गाठीत ते उरलंच नाही. आणि हिचा अजून कॅन्सर झालेला नाही, बरं का. दुखतही नव्हती."

बाबांनी पुन्हा डोळा लावला. बराच वेळ काढलाच नाही.

"एका भिंतीवर रंग बसला आणि शेजारच्या भिंतीवर बसेना, तर रंगाला शिव्या देऊन उपयोग नसतो," ते पुटपुटले. "आत ओल असते." मग आत्याकडे न बघता म्हणाले, "तपासायला कधी यायचं?"

बाबांच्या आतड्यातही गाठ सापडली आणि तपासतानाच काढूनही टाकली. अहवाल आला: कॅन्सर नाही. बाबा तर असे मिरवत होते, जणू गाठ त्यांनीच शोधली.

"माझा तुकडा कोणी कापला गं?" त्यांनी आत्याला विचारलं.

"मी. दुसऱ्या कोणाच्या हातात देते होय?"

"हात नाही थरथरला?"

"यंत्रावर? छे!"

ज्या दिवशी तिने तो तुकडा कापला, त्या संध्याकाळी ती आमच्या स्वयंपाकघरात आली होती. अहवाल अजून यायचा होता. दोन्ही हातांनी धरूनही तिच्या कपातला चहा सांडत होता. शेवटी मीच कप धरून तिला पाजला.