सकाळीच दुखणारं पोट

माझं पोट सकाळीच दुखायचं, दुपारनंतर कधीच नाही. देवाने हे कसलं दुखणं दिलं, याचं मला दुःखापेक्षा कुतूहलच जास्त वाटे. निजामी राजवटीची ती शेवटची वर्षं. मी मूळचा लातूरचा. नांदेडला मामांकडे राहून कचेरीत उमेदवारी करत होतो. उमेदवार म्हणजे जागेच्या आशेवर राबणारा बिनपगारी कारकून. आम्ही सातजण रोज कचेरीच्या ओसरीवर बसायचो. कचेरीतले वरचे अधिकारी, पेशकारसाहेब, येऊन एकदोघांना आत नकला उतरवायला बोलावत, बाकीच्यांनी उद्या यायचं. कायमची जागा कधी निघेल ते कुणालाच ठाऊक नसे, आणि निघेल त्या दिवशी जो हजर नसेल त्याची संधी गेलीच. म्हणून दोन वर्षांत मी एकही दिवस चुकवला नव्हता.

त्या दोन वर्षांत पोटात अन्न ठरेनासं झालं. मामी ताटाशी बसून राहायची आणि मी दोन घासांवर उठायचो. वैद्यांनी काढे दिले, हकीमसाहेबांनी चाटण दिलं, कशाचाही गुण आला नाही. रोज गोदावरीत स्नान करून मी दत्तमहाराजांकडे एकच मागायचो, मला कायम करा. मग एक गंमत लक्षात आली. नाव पुकारलं की दुखणं थांबे, हे ठीकच. पण नाव नाही पुकारलं तरी ते तितक्याच लवकर थांबे. मग दुखत होतं ते नेमकं काय? पुष्कळ डोकं खाजवलं, पण उलगडा होईना.

एका गुरुवारी घाटावरच मला ओकारी आली आणि डोळ्यांपुढे अंधारी पसरली. एका म्हाताऱ्या नावाड्याने दंडाला धरून मला आपल्या नावेत बसवलं.

"मुन्शीजी, सकाळधरनं पोटात काय गेलंय?"

"काही नाही."

"मंग ओकताय ते काय?"

तशा अवस्थेतही मला हसू आलं.

"पल्याड घर हाय माझं. आंबील प्या, मंग जावा."

"कचेरीत हजर व्हायचंय, बाबा."

"हाव, पर उभं ऱ्हाता येतंय का?"

येत नव्हतं. नाव निघाली. घाट मागे पडताना मी भीतीने रडलो, हे कबूल करतो. आजची हजेरी चुकली, आता काही इलाज नाही, हे मनाला पटलं आणि त्याच क्षणी पोट शांत झालं. जागा मिळण्या न मिळण्याने नव्हे, टांगून राहण्यानेच ते दुखत होतं. पल्याड नावाड्याच्या म्हातारीने दिलेली आंबील मी दोन वाट्या प्यायलो आणि तिथेच गाढ झोपलो.

दुपारी कचेरीत पोचलो. नेमकी त्याच सकाळी कायमची जागा निघाली होती. "दोनदा पुकारलं तुम्हाला," पेशकारसाहेब म्हणाले. जागा दुसऱ्याला गेली होती. मी ओसरीवर बसून पोट दुखायची वाट पाहिली. ते दुखलं नाही. संध्याकाळी मी दुसरी भाकरी मागितली, तेव्हा मामीने पदर डोळ्यांना लावला.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम घाटावर गेलो. दत्तमहाराजच त्या रूपाने आले असतील, असं रात्रभर वाटत होतं. नावाडी तिथेच होता, एका उतारूशी कडाकडा भांडत होता. महाराजांनी त्याला पाठवलं की तो आपला आपण आला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. दोघांनाही मी हात जोडले.

पुढे वर्षभर मी उमेदवारच राहिलो. घाटावर मात्र रोज एवढंच म्हणायचो, महाराज, जागेचं तुम्ही बघा, मी घरी जाऊन आधी जेवतो.