तिच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही

परदेशातल्या शिबिराला आमच्या प्रयोगशाळेतून एकालाच पाठवणार होते, आणि ती जागा माझ्या मैत्रिणीला मिळाली. कितीतरी देशांतले तरुण शास्त्रज्ञ सहा आठवडे एकत्र राहून सूक्ष्म कण टिपणारी उपकरणं स्वतःच्या हातांनी बांधणार होते. सरांनी तिचं नाव सांगितलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांचे हात थांबले तरी मी वाजवतच होते.

आम्ही दोघी एकाच टेबलावर काम करायचो. केसाहून बारीक तारा चौकटीवर ताणून बसवायच्या. जवळून कण गेला की तार इशारा देते. एक तार सैल राहिली तरी चौकट वाया. तिच्या हातून तारा तुटायच्या, माझ्या हातून नाही. ते माझ्याकडे बाबांकडून आलं होतं. बाबा कापडाच्या मिलमध्ये सूतखात्यात जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. मिलला कुलूप लागल्यापासून घरीच असायचे. एकदा मी तारेचा तुकडा त्यांना दाखवायला नेला. त्यांनी तो चिमटीत धरून उजेडात पाहिला.

"खेचू नको. आधी लोंबू दे, पीळ जाऊ दे, मग बांध. सूत क्या और तार क्या, घाई केली की तुटतंच."

तेव्हापासून मी प्रत्येक तार बारीकसं वजन लावून आधी टांगून ठेवायचे. मैत्रिणीला मी एवढंच सांगितलं होतं की बाबांनी काहीतरी शिकवलंय.

पण शिबिरासाठीची मुलाखत इंग्रजीत होती. तिचे पणजोबा संस्थानच्या दरबारात अधिकारी, ती कॉन्व्हेंटची, शहराच्या विजय नगर भागात त्यांचं नवं घर होत होतं. मी बडा गणपतीजवळच्या दोन खोल्यांतून आलेली. प्रश्न कळत होते, उत्तरं तोंडातच राहत होती.

जायच्या आधी बॅग घ्यायला ती मला सियागंजच्या बाजारात घेऊन गेली. "तू सांग ना, कोणती घेऊ?" मी मुद्दाम सगळ्यांत जड बॅग दाखवली. तिने तीच घेतली.

तीन आठवड्यांनी तिचं पत्र आलं. "आमच्या गटाच्या तारा सैल पडताहेत. तू बांधण्याआधी काय करतेस ते मी कधी नीट पाहिलंच नाही, शरम वाटते. लगेच कळव."

बाबांनी विचारलं, "काय म्हणते?"

"मजेत आहे."

"माझा आशीर्वाद लिही तिला."

मी दोन पानं लिहिली, सगळी रीत चित्र काढून समजावली. मग ती पानं पेटीत कपड्यांखाली ठेवून दिली.

परतल्यावर तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "माझं पत्र मिळालं?"

"नाही गं."

"डाक पण ना," ती म्हणाली आणि वही उघडून बसली. तारा वजन लावून टांगायच्या, हे तिथल्या शिक्षकांनी त्यांना शेवटच्या आठवड्यात दाखवलं होतं. "तू हेच करतेस ना? मी सांगितलं त्यांना, आमच्याकडे एक मुलगी हे आधीपासून करते. पुढच्या वर्षी तिलाच पाठवा म्हणाले. सरांशी पण बोललेय मी."

त्या रविवारी ती चॉकलेटं घेऊन घरी आली. बाबा खूश झाले. "तुझं पत्र आलं तेव्हाच हिने सांगितलं, मजेत आहे म्हणून."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी बशीतले पोहे सारखे करत होते.

"हो काका, मजेत होते," ती म्हणाली.

बस स्टॉपपर्यंत मी सोबत गेले.

"सांगायचं नाही असं लिहिलं असतंस तरी चाललं असतं," ती म्हणाली.

"मला जायचं होतं तिथे."

"माहीत आहे मला."

तिची बस आली.

तिने सरांजवळचा शब्द मागे घेतला नाही. पुढच्या वर्षी माझी निवड झाली, बाबांनी गल्लीभर पेढे वाटले. तिनेही एक घेतला, अभिनंदन केलं. मी जाऊन आले, तिच्याइतकंच शिकून आले. पण टेबलावर तिने मला परत कधी काही विचारलं नाही. तिच्या तारा आता तुटत नव्हत्या, आणि मला तेही बघवत नव्हतं.