उकंडरावनं बाटली नाकारली

मोताळ्याच्या पट्ट्यात उकंडरावनं आजवर एकशे अकरा सोयरिकी जुळवल्या होत्या. हे काम जिभेचं, असं लोक म्हणत. खरं तर ते पोटाचं होतं. पोरीच्या घरी पुढं आलेलं पेय मध्यस्थानं नाकारलं, की सोयरीक त्याच्या मनात नाही असं धरायचं, ही इकडची रीत. म्हणून गडी दिवसात चार घरचं सरबत नि दोन घरचा उसाचा रस रिचवून सायकलवर डुगडुगत घरी यायचा.

एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात त्याचे पाय सुजले. खामगावच्या डॉक्टरनं लघवी तपासली.

"मूत्रपिंड थकले तुमचे. पाणी मोजून प्या. बाटलीतलं काळं पेय तर अजिबात नाही, त्यातला क्षार तुमच्यानं बाहेर टाकवत नाही. रस, नारळपाणी बंद."

"मंग पेऊ काय मी?"

"अगदीच अडलं तर लिंबाचा पांढरा सोडा. अर्धा कप, बिनमिठाचा. तोही दिवसाच्या मापातून वजा करायचा."

उकंडरावनं हे बायकोलाही सांगितलं नाही. आजारी मध्यस्थाले शुभकार्यात कोण बोलावते?

आठच दिवसांनी रोहिणखेडला मोतीरामच्या घरी बैठक बसली. त्याच्या रुख्मिणीची चार स्थळं मोडली होती. पाचवं अर्जुनरावच्या पोराचं. मोतीरामनं नांदुऱ्याहून पोत्यात बर्फ घालून काळ्या पेयाच्या तीन बाटल्या आणल्या होत्या. एक फोडून त्यानं दोन पेले भरले.

"घ्या ना भाऊ!"

"नको."

अर्जुनरावनं ओठाशी नेलेला पेला खाली ठेवला.

"काऊन, उकंडराव? तुमीच पेत नाही, म्हंजे पोरीत काही खोट हाय का?"

आतल्या खोलीत बांगड्या वाजायच्या थांबल्या. उकंडरावनं पेला उचलला, सुजलेल्या पायांकडं पाहिलं नि परत ठेवला.

"खोट पोरीत नाई बाप्पा, माह्यात हाय! माह्ये मूत्रपिंड थकले. काळं पेलो तर मरतो. मले फक्त पांढरा सोडा चालते, अर्धा कप, बिनमिठाचा!"

अर्जुनरावनं दाराकडं पाहिलं, मग आवाज खाली आणला. "मले साखरेची बीमारी हाय. तुमी नाही म्हणले, मले आसराच भेटला. पन पेला काऊन ठेवला, हे कोन्त्या तोंडानं सांगू, म्हणून पोरीचं तसं इच्यारलं."

"पोरीच्या जिवावर? लाज नाही वाटत?" उकंडराव उसळला.

"चुकलं बाप्पा."

तेवढ्यात रुख्मिणी मागल्या दारानं रहेमतुल्लाच्या दुकानातून गोटीसोड्याची बाटली घेऊन आली. लिंबू पिळून तिनं कप पुढं केला. "काका, अर्धाच हाय. मीठ नाही टाकलं."

उकंडरावनं सगळ्यांच्या देखत तो घोट घोट करत संपवला. आता रीतही पाळली गेली होती.

"बोला अर्जुनराव, पोरगी?"

"पसंत!"

मोतीरामचं लक्ष मात्र पेयाकडं होतं. "बरफात घालून आणलं, फेकून देऊ काय?" म्हणत त्यानं दोन्ही पेले नि उरलेल्या दोन बाटल्या एकट्यानं संपवल्या. उकंडरावनं लग्नाची तिथी सुचवली तेव्हा त्याच्या तोंडून ढेकरच निघाला, आणि अर्जुनरावनं तोच होकार धरला.